डाव्या कानावरचा वारा

"अगो आये गे! पाणी थंडगार आसा!"

केसर किंचाळली आणि सगळी वाडी हसली. मी नाही हसले. मला ती दिसतच नव्हती. माझी पाठ दर्याकडे होती.

वैशाख चालू होता. सकाळचं कोवळं ऊनसुद्धा टाळू भाजून काढत होतं, आणि ही अंगावरची हळद न उतरलेली पोर घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून हुडहुडी भरल्यासारखी ओरडत होती. बायका म्हणाल्या, खाडीकाठची आहे, दर्या कधी बघितला नाही, लाडात येते झालं. माझी सासू म्हणाली, "उभी रव गो चेडवा. पाय हलव नको. दर्याक बघू दी."

आमच्या घराची रीत होती ती. आमचं घर तांडेलाचं, म्हणजे वाडीच्या रापणीचा म्होरक्या आमच्या घरातला. रापण म्हणजे लांबलचक जाळं. ते होडीतून पाण्यात अर्धगोल सोडायचं आणि त्याची दोन्ही टोकं काठावरून माणसांनी ओढायची. अर्धी वाडी ओढायला, अर्धी वाडी टोपल्या घेऊन. तर अशा घरात नवी सून आली की तिचे पाय दर्याला दाखवायचे. ती हळदीकुंकवाच्या पायांनी पाण्यात उभी राहणार, सासू नारळ सोडणार, आणि त्यानंतर पडेल ती रापण तिच्या नावाची. जाळं भरून आलं तर पायगुण चांगला. रिकामं आलं तर काय, ते विचारायला लांब जायला नको. मी होते की उभी.

माझ्या नावाची रापण रिकामी आली होती. शेवाळ आणि कुणाचं तरी फुटकं मडकं, एवढंच मी ह्या घराला दिलं. तो सगळा उन्हाळा मासा काठाला लागला नाही. तेव्हापासून रापण ओढायच्या वेळी मी दोराच्या टोकाला, ओल्या वाळूत, दर्याकडे पाठ करून उभी राहायची. माझी नजर जाळ्यावर पडू नये म्हणून. घरीच बसवलं असतं, पण मग टोपल्या कोण उचलणार? जाळं वाळूत रिकामं झालं की सासू म्हणायची, "फिर आता." की मी फिरायची आणि ओझं डोक्यावर घ्यायची. ओझ्याला माझा पायगुण चालत होता.

दहा-अकरा वर्षं झाली होती त्याला. आमच्याच जाळ्यातला मासा पाण्यातून बाहेर येताना मी कधी बघितला नव्हता. मी फक्त ऐकायची.

त्या दिवशी जे ऐकलं ते विसरणार नाही. आधी ओढणाऱ्यांचा हुंकार जड झाला. मग कोणीच बोलेना. मग सुपात भात पाखडावा तसा आवाज आला, आणि तो थांबेचना. माझ्या पाठीमागे वाळूवर मासा नाचत होता आणि मी समोरच्या सुरूच्या झाडांकडे बघत होते.

"लक्षुमी इली गो घरात!" माझी सासू रडत ओरडली. "लक्षुमीचे पाय!"

मी फिरले तेव्हा ढीग माझ्या कमरेएवढा होता. ढिगापलीकडे केसर उभी होती. ओलं लुगडं, भेदरलेले डोळे, आणि पाय. बारीक, गोरे, नवी जोडवी घातलेले पाय. अख्खी वाडी त्या पायांकडे बघत होती. माझे पाय मी वाळूत रुतवले. माझे पाय पहिल्यापासून फताडे. आई म्हणायची, होडीच्या वल्ह्यासारखे.

आता टोपलीचं सांगते, नाहीतर बाहेरच्या माणसाला कळायचं नाही की मी एवढी का पेटले. वाळूत मासळीचा ढीग पडला की तांडेलाच्या घरची बाई पहिली टोपली भरते, देवाचा वाटा काढते, आणि मग ती म्हणेल तसे बाकीचे वाटे पडतात. ओढतात पुरुष, पण कुणाच्या पानात काय पडायचं ते ती बाई ठरवते. विधवेला चार मासे जास्त, आळशाला दोन कमी, आणि कुणी तोंड उघडायचं नाही. माझ्या सासूचे गुडघे गेले होते. यंदाच्या शेवटच्या रापणीला टोपली सुनेच्या हातात देईन, असं तिनं सांगून ठेवलं होतं. कोणत्या सुनेच्या ते सांगितलं नव्हतं. तोवर सून एकच होती ना. आता दोन झाल्या, आणि एकीच्या पायांना दर्या भुलला.

दुपारी जेवताना आयेनं, म्हणजे सासूनं, तारल्यांच्या कालवणातला चांगला भाग केसरच्या पानात वाढला. कालवण मी केलं होतं. आमचे हे, वाडीचे तांडेल, भुरके मारत म्हणाले, "पाय बाकी चांगले आसत हां तिचे."

"भावजयचे पाय बघूक लागलात तुमी?"

"तसा नाय गो."

"मगे कसा?"

"भरान इला ना जाळा?"

"वाऱ्यान इला. चार दिस झाले, माझो डावो कान गार आसा."

त्यांना ठसका लागला. भात नाकात गेला. "कान? कानान मासो धरतलस तू?"

धाकटा दीर भिवा, केसरचा नवरा, हसला, आये हसली, आणि केसरनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की घाबरली होती ते मी बघितलं नाही. मी माझं पान घेऊन उठले.

पण मी खोटं बोलले नव्हते. इतकी वर्षं दर्याला पाठ दाखवून उभं राहणाऱ्या बाईला जे कळतं ते जाळ्याकडे डोळे लावून बसलेल्यांना कळत नाही. दर्याकडे पाठ केली की उत्तर डाव्या हाताला येते. उत्तरेचा वारा सुटला की डावा कान गार पडतो. तो वारा असाच काठाकाठानं चार-सहा दिवस वाहत राहिला की मग टाचा गार पडतात. कारण लाटेचं शेवटचं पाणी माझ्या टाचांपर्यंत यायचं, आणि ते काल कोमट होतं की आज गार आहे, हे माझ्याइतकं कुणाच्या टाचांना ठाऊक असणार? दुधावर फुंकर घातली की साय बाजूला सरते आणि खालचं दूध वर दिसतं, तसंच आहे हे. वारा वरचं तापलेलं पाणी काठापासून बाहेर सारतो, आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. नारळाचं सोडण, म्हणजे वरची साल, टाकून बघा. त्या दिवसांत पाण्याची ओढ दक्षिणेला असते. सोडण दक्षिणेला जातं, आणि जाता जाता काठापासून लांब लांब होतं. मग तळाचा मासा गुदमरल्यासारखा काठाकडे धावतो. चपटे लेपे, कुर्ल्या म्हणजे खेकडे, सुंगटं म्हणजे कोळंबी, हे आधी, आणि त्यांच्या मागून तारल्यांचे थवेच्या थवे. डावा कान, मग टाच, मग मासा. वाऱ्यानं पाठ फिरवली की हेच सगळं उलटं.

हे मी विहिरीवर सांगितलं. का सांगू नये? आमच्या शेजारची मथुरा कळशी विसळता विसळता म्हणाली, "कायतरी जळता गो. वास येता."

"तुझ्या तोंडाचो असात. राखुंडी लाव."

"जयवंतीवयनी, वारो तू इलंस तेव्हाही होतो. तेव्हा खय गेलो तुझो मासो?"

बायका खो खो हसल्या. मला म्हणायचं होतं की मी आले तेव्हा वारा दक्षिणेचा होता, आणि टाचांना भाजेल असं पाणी होतं. पण तेव्हा मला तरी कुठे ठाऊक होतं ते? तेव्हा मीही माझ्या पायांकडेच बघत होते.

पुढचे सगळे दिवस केसरचे होते. रोज जाळं भरून यायचं. कुणी नवी होडी उतरवली, आधी केसरचा पाय लावला. कुणाचं पोर रडायचं थांबेना, आणलं आणि केसरच्या पायांवर ठेवलं. ती बिचारी पाय आखडून घ्यायची आणि लोकांना तोच तिचा मोठेपणा वाटायचा. माझ्याच नवऱ्यानं वल्ही तिच्या पायांपाशी टेकवलेली मी पाहिली. त्या वल्ह्यांना मी इतकी वर्षं तेल लावत होते.

एकदा ती चुलीपाशी आली. "वयनी, तुमका माझो राग इलो?"

"माका कित्याक येतलो? तुझे पाय, तुझो मासो."

"मी काय करूक नाय, वयनी. पाणी थंड होता म्हणान ओरडलंय, तितक्याच."

"मगे परत जाऊन ओरड. आणखी येतले."

ती उभीच राहिली. मी चुलीत फुंकर घातली, राख तिच्या पायांवर उडेल अशी.

मग एका सकाळी माझा उजवा कान तापला.

मी बोलले नाही कुणाला. उभी राहिले सुरूच्या झाडांकडे बघत. उत्तरेचा वारा पडला होता आणि दक्षिणेकडून ऊन ऊन झुळूक येत होती. दोन-तीन दिवसांत टाचांना येणारं पाणी पेजेसारखं कोमट झालं. दर्या तव्यासारखा पडून राहिला. आणि जाळं आलं ते हलकं. ओढणाऱ्यांच्या श्वासावरूनच कळलं मला. पाठीमागे कुणीतरी थुंकलं.

मला आनंद झाला. लपवायचं कशाला? त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी रिकामं, तिसऱ्या दिवशी रिकामं. आगोटीची सोय ह्याच दिवसांत करायची असते. सुकवायला मासा नाही तर पावसाळाभर खायचं काय? वाडी आधी गप्प झाली, मग कुजबुजली. होडीवाल्यानं होडी धुऊन घेतली. पोरवाली पोराला घेऊन दुसऱ्या वाटेनं जाऊ लागली. लक्ष्मीची पनवती व्हायला किती वेळ लागतो? तव्यावरची भाकरी उलटायला लागतो तेवढा.

आणि एका सकाळी आये केसरला दंडाला धरून घेऊन आली आणि माझ्या शेजारी उभी केली. "हय. पाठ करून."

खरं सांगते, मला ती आली त्याचाच पहिला राग आला. ती जागा माझी होती. चांगली नसेल, पण माझी होती. तिथेही हिनं येऊन उभं राहावं?

केसरच्या गालांवरून पाणी वाहत होतं. नाक पुसायचंही तिला सुचत नव्हतं. ती म्हणाली, "वयनी, हय उभ्या रवून काय करूचा?"

"काय करूचा नाय. सुरूची झाडा बघूची."

"रोज तीच?"

"तीच. मी एकेकाक नावा ठेवलंय."

तिनं नाक ओढलं. "त्या वाकड्याचा नाव काय?"

"कुबड इलेल्या? तुझी सासू."

तिला हसू फुटलं. रडता रडता हसली, आणि तिचं हसू बघून माझंही सुटलं. मागून मथुरा ओरडली, "बघा गो, दोघी पनवत्यो हसतत! जाळा रिकामा नि ह्यांका हसाक येता!"

त्याच दुपारी आयेनं सांगितलं की शेवटच्या रापणीच्याच दिवशी केसरला माहेरी पोचवायची. पुढच्या हंगामाला बघू. दुपारच्या एसटीत भिवा बसवून देईल. "पुढच्या हंगामाला बघू" म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना कळलं. केसरनं भिवाकडे बघितलं. भिवा जाळं सांधत होता. त्यानं मान खाली घातली आणि दोरा दाताखाली धरून तोडला.

ती मान मी ओळखली. अशीच एक मान मी पाहिली होती. फक्त ती थोरल्या भावाची होती.

मला पण पाठवलं होतं. हे मी वाडीत कधी कुणाजवळ बोलले नाही. वाडीला ठाऊक होतं, पण माझ्या तोंडून कुणी ऐकलं नाही. पावसाळाभर मी माहेरी होते. कुणी न्यायला आलं नाही. आई रोज वाटेकडे बघायची आणि मग माझ्या पायांकडे. दसऱ्याला मी माझी मीच चालत आले, गाठोडं डोक्यावर घेऊन, आणि ह्या घराच्या दारात उभी राहून सासूला म्हटलं, "दर्याक पाठ करून उभी रवतंय. पण हय रवतंय." पाठ करून उभं राहायची अट सासूची नव्हती. माझी होती. त्या दिवशी आमचे हे ओसरीवर बसले होते, खाली मान घालून.

केसरला माझ्यासारखी अट घालायला जमलं नसतं. तिला फक्त रडायला येत होतं.

दुसऱ्या दिवशी माझा डावा कान गार पडला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. शेवटची रापण पुनवेच्या आदल्या दिवशी ठरली होती आणि केसरची एसटीही त्याच दिवशीची. वारा रोज वाहत होता, आणि मी रोज सकाळी दर्यावर जाऊन टाचा पाण्याला लावत होते. कोमट. परत कोमट. मी सोडण टाकलं, ते दक्षिणेला गेलं, पण बाहेर जाईना. मी दर्याला शिव्या घातल्या. एवढ्या वर्षांत मी त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. मागणार तरी कशी, तोंड दुसरीकडे.

पुनवेच्या आदल्या सकाळी केसर गाठोडं घेऊन सुरूंच्या सावलीत बसली होती. आयेनं सांगितलं होतं, ओल्या वाळूवर येऊ नको. माणसं दोर उलगडत होती, पण होडी लोटायला कुणाचा हात उठत नव्हता. रिकामं जाळं ओढायला कुणाला हौस असते? मी माझ्या जागेवर जाऊन पाठ फिरवली. लाट आली. टाचांना लागली.

मी तशीच सुरूंकडे चालत गेले आणि केसरचं मनगट धरलं.

"वयनी, खय नेतास?"

"गप चल."

मी तिला ओढत ओल्या वाळूवरून नेली, दोराच्या पुढून नेली, जिथे तिनंही नाही आणि मीही नाही पाऊल टाकायचं, तिथून नेली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिले. तोंड दर्याकडे. मागे कालवा उठला.

"जयवंती!" सासूचा आवाज चिरकला. "फिर! तोंड फिरव थयसून! दर्या नासवतलीस?"

"एवढो मोठो दर्या, आये. दोन बायकांच्या पायान नासता, तर सगळी वाडी हय पाय धुता त्येचा काय?"

"दोन-दोन पनवत्यो पाण्यात!" मथुरेनं कपाळ बडवलं.

"होय गे. दोन वायट पाय माझे, दोन वायट पाय हिचे. बरे पाय घेवन तू थयच रव, वाळूत." मग मी केसरला विचारलं, मोठ्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सांग, पाणी कसा आसा?"

ती पुटपुटली, "थंड आसा, वयनी."

"मोठ्यान सांग!"

"थंड आसा! त्या दिवसासारख्या!"

मी नवऱ्याकडे वळले. उभ्या जन्मात मी त्यांना चारचौघांत हाक मारली नव्हती. "तांडेल! रापण लावा."

ते आईकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ही मान परत खाली जाणार. पण ते काठावर आले, सगळ्या वाडीसमोर दर्याकडे पाठ करून उभे राहिले आणि डोळे मिटले. मी उभी राहायची तसेच. त्यांचा हात हळूच डाव्या कानाकडे गेला. लाट आली आणि त्यांच्या टाचांवरून गेली.

तिथूनच, डोळे न उघडता ते म्हणाले, "होडी लोटा रे."

भिवा पहिला धावला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा बघितलं. दोर घट्ट होतो, जाळ्याची लाकडं पाण्यावर एकेक करून वर येतात, गोल लहान होत जातो. आधी काहीच दिसत नाही. मग पाण्याला उकळी फुटते. थंड पाण्याला उकळी, कधी बघितली आहे? कुर्ल्या एकमेकींना नांग्या लावून जाळ्याला लोंबत आल्या. लेपे, सुंगटं, शेंगट्या आल्या, आणि त्यांच्यामागून तारल्या, नुसती चांदी. जाळं वाळूवर चढेना. बायकांनी टोपल्या टाकून दोराला हात लावले, मथुरेनंही लावला. माझ्या पायाला कुर्ली चावली ते मला नंतर रक्त दिसल्यावर कळलं.

मला वाटलं होतं, आता तरी कळेल सगळ्यांना. दोन वाईट पाय आणि दोन वाईट पाय पाण्यात, आणि जाळं फाटायला आलं. आणखी काय दाखवायचं असतं?

पण माणसं ती माणसंच. "मोठीचे पाय उघडले!" पहिली मथुराच ओरडली. "मी म्हणी होतंय!"

"उघडले गो उघडले!" सगळ्या बायका माझ्याभोवती. कुणी माझ्या पायांना हात लावला. माझ्या ह्या फताड्या पायांना! कधी नव्हे ते माझ्या पायांकडे लोक बघत होते, आणि मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?

आये लंगडत आली. हातात टोपली. "घे, जयवंती," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "इतकी वर्सां गेली, पण उघडले. घे. त्या चेडवाक जाऊ दी दुपारच्या गाडयेन."

माझा हात पुढे झालाच होता.

केसर पाण्यातच उभी होती अजून. तिनंही मान खाली घातली. घरातली आणखी एक मान.

"आये," मी म्हटलं, "पाय माझे नाय. हिचेही नाय. वाऱ्याचे."

"वाऱ्याक पाय असतत?"

"तुमच्या सुनांपेक्षा बरे आसत. येतत नि जातत, त्येंका कोण माहेराक धाडीत नाय."

"टोपली नको तुका?"

"होयी. पण पायासाठी नको. मोठी सून म्हणान देतास तर घेतंय. पायासाठी देतल्यात, तर ठेवा तुमच्याच डोक्यार."

माझ्या सासूनं माझ्याकडे बघितलं. तीही कमी नव्हती. तिनं टोपली मला दिली नाही. वाळूत ठेवली, माझ्या पायांपाशी, आणि वळून सुरूंकडे चालू लागली.

मी उचलली.

पहिली टोपली भरली, देवाचा वाटा काढला आणि हाक मारली, "केसर! हय ये, सुंगटा वेगळी काढ."

"वयनी, माझी एसटी..."

"एसटी फाल्यांही येता. सुंगटा फाल्यां नासतली."

त्याला आता किती वर्षं झाली! आये गेली, आमचे हे गेले, भिवाही गेला. टोपली अजून माझ्याकडे आहे. कुणाला वाटेल, सुनेचे पाय दर्याला दाखवायची रीत मी मोडली असेल. मोडीन कशी? माझ्या घराची रीत आहे. फक्त आमच्याकडे नवी सून आली की दिवस मी ठरवते. भटजी नाही, पंचांग नाही. सकाळी काठीचा आधार घेत दर्यावर जाते, पाठ करून उभी राहते. कधी चार दिवस, कधी पंधरा दिवस थांबायला लावते. टाचा गार पडल्या की म्हणते, आणा तिला. म्हणून आमच्या घरातल्या एकूण एक सुनांचा पायगुण चांगला. वाडीत विचारा कुणालाही.

परवा नातसुनेचे पाय दाखवले. पोरीनं पाण्यात पाऊल टाकलं आणि "अगो आये!" करून किंचाळली. केसर माझ्या शेजारी उभी होती. तिचेही केस पांढरे झाले आहेत, पण पाय अजून तसेच आहेत, बारीक आणि गोरे. मला अजून ते बघवत नाहीत.

ती म्हणाली, "वयनी, त्या दिवशी तुमी होतात म्हणान मी आज हय उभी आसय."

हे ती दरवेळी म्हणते. दरवेळी मला तेच जुनं सलतं. माझी ती पावसाळाभरची वाट, आईची माझ्या पायांवरची नजर, दसऱ्याचं ते चालत येणं. मला कोण होतं?

"आणि माझ्या वेळेक तू खय होतंस गो?" मी विचारलं.

केसरला वाटलं मी थट्टा करते आहे. "मी? मी परकरात होतंय, वयनी. खाडीच्या चिखलात कुर्ल्यो धरीत होतंय."

"मगे," मी म्हटलं, "उशिरानच इलंस."